फोर्ट पायी कसा पाहावा: नसलेल्या तटाच्या मागावर

मुंबईला पाहुणे आले की आपण त्यांना टॅक्सीत कोंबतो, गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन असं भराभर दाखवतो. मग संध्याकाळी पाहुणे विचारतात, "मधे ते मोठं घड्याळ होतं, ते कशाचं?" मीही वर्षानुवर्षं हेच केलं. एकदा तर मे महिन्यात, भरदुपारी, एका दिवसात नऊ ठिकाणं केली. त्या दिवसाच्या फोटोंत इमारती कमी आणि घामाघूम चेहरे जास्त आहेत. तेव्हापासून ठिकाणं मोजणं सोडलं. आता एक धागा धरतो आणि अर्धा दिवस त्याच्या मागे चालतो.

फोर्टसाठी माझा धागा म्हणजे तट. भागाचं नाव फोर्ट, जुनी मराठी माणसं त्याला 'कोट' म्हणायची, मग किल्ला गेला कुठे? इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वस्तीभोवती तट बांधला होता. त्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६०च्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तो पाडला. आतली वस्ती गच्च भरली होती, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इकडच्या कापसाला असा काही भाव आला होता की शहरात पैसा मावत नव्हता. तट गेला त्या जागेवर आणि बाहेरच्या मोकळ्या मैदानावर ज्या इमारती उठल्या, त्यातल्याच बऱ्याचशा बघायला आज लोक येतात. म्हणून आपण एका दरवाजाच्या जागेतून आत शिरायचं आणि दुसऱ्याच्या जागेतून बाहेर पडायचं.

१. दिवस आणि वेळ ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेसातपर्यंत सीएसएमटी. रविवारी फोर्ट रिकामा असतो, रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघता येतं. (एरवी तसं केलंत तर टॅक्सीवाला तुमच्या सात पिढ्यांची विचारपूस करील.) उपनगरातून येत असाल तर आदल्या रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघाच. रविवारचा एक तोटा असा की कोर्ट, बँका, कार्यालयं बंद, म्हणजे बरंचसं बाहेरूनच पाहायचं. मला विचाराल तर पहिल्या खेपेला तेच बरं.

पाण्याची बाटली, टोपी, रोजच्या वापरातल्या चपला किंवा बूट. नवे बूट नकोत. आणि घरात धूळ खात पडलेली दुर्बीण असेल तर ती नक्की घ्या, कारण इथलं निम्मं कोरीवकाम दुसऱ्या मजल्याच्या वर आहे.

२. सीएसएमटी: आत नाही, समोर उभे राहा

आधी पोटपूजा उरका. स्थानकासमोर वडापाव मिळतो. पुढे फोर्टातली बरीच उपाहारगृहं रविवारी बंद असतात. स्वच्छतागृहाचं कामही इथेच उरकलेलं बरं.

मग रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या. तिथून स्थानकाचा दर्शनी भाग अख्खा दिसतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं हे काम १८७८ला सुरू झालं आणि पुरं व्हायला साधारण दहा वर्षं लागली. तुमच्या पाठीमागची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ची. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, म्हणजे ब्रिटन. दुसरीकडे वाघ, म्हणजे आपण. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई उभी आहे, ती 'प्रगती'. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा दिसेल. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता.

आता मुलांना कामाला लावा: भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे दगडी चेहरे आहेत, त्यांत आपले नाना शंकरशेट शोधायचे. १६ एप्रिल १८५३ रोजी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिच्यामागच्या मंडळींत नाना आणि जमशेटजी जीजीभॉय होते. माझ्या भाच्याने नानांना चार मिनिटांत शोधलं होतं. मी या स्थानकातून कित्येक वर्षं नोकरीला गेलो, पण मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

३. बझार गेटमधून आत

स्थानकाच्या बाजूचं जीपीओ बघून घ्या. जॉन बेगने आराखडा केलेलं हे टपाल कार्यालय १९१३ला पुरं झालं. घुमट ओळखीचा वाटला तर बरोबर आहे: नमुना विजापूरच्या गोलघुमटाचा.

इथून दक्षिणेला बझारगेटचा रस्ता जातो, पाटीवर पेरिन नरिमन मार्ग. दरवाजा राहिला नाही, नाव राहिलं. रस्ता लगेच अरुंद होतो, जुन्या चाळवजा इमारती जवळ येतात, आणि आपण तटाच्या आत आल्याचं न सांगता कळतं. इथे पाहण्याजोगं 'स्थळ' असं एकही नाही, तरी मला हाच तुकडा सगळ्यांत आवडतो. रमतगमत जा.

४. हॉर्निमन सर्कल

समोर पांढरे खांब आणि तीस पायऱ्यांचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ची. पायरीवर बसा, श्वास घ्या. ही तट उभा असतानाची इमारत आहे: सरळ खांब, नक्षीचा सोस नाही. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे तुलनेला लागेल. समोरच्या गोल बागेभोवतीच्या इमारती १८७२च्या आसपास पुऱ्या झाल्या.

पलीकडे सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८चं. मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून अंतर मोजायचे. आणि याच चर्चकडे येणारा दरवाजा तो चर्च गेट. चर्चगेट स्थानक तिथून चांगलं लांब आहे. नाव तेवढं तिकडे चालत गेलं.

५. चर्च गेटमधून बाहेर

वीर नरिमन रस्त्याने पश्चिमेला निघालात की पाचेक मिनिटांत हुतात्मा चौक. चर्च गेट होतं ते इथेच. त्याच्या जागी १८६४मध्ये फ्लोरा फाउंटन आलं. पण कारंज्यापाशी फोटो काढून निघू नका. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत, संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ला याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला होता. हुतात्म्यांची नावं वाचा. घाई नसेल तर मोठ्याने वाचा.

पुढे ओव्हल मैदानाच्या कडेला जा आणि टाउन हॉल आठवा. उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८चे: टोकदार कमानी, मनोरे, मोकळी तिजोरी. टॉवर ८५ मीटर उंच. पैसे कापसाच्या धंद्यातल्या प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली ती या न्यायालयात. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती आहेत. या दोन्ही बाजू मिळून २०१८ला जागतिक वारसा यादीत गेल्या. इथे ऊन चढलं, मुलं कुरकुरू लागली, तर हुतात्मा चौकात मेट्रोचं भुयारी स्थानक आहे. लाज वाटून घेऊ नका.

६. काळा घोडा आणि समुद्र

महात्मा गांधी रस्त्याने दक्षिणेला. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, बिडाच्या सांगाड्यावर उभं आहे. इथेच ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड राणीच्या बागेत हलवला, आता चौकातला घोडा बिनस्वाराचा आहे. वस्तुसंग्रहालय आज करू नका. त्याला वेगळा दिवस लागतो.

शेवट गेटवेला. पंचम जॉर्ज १९११ला आला त्याच्या आठवणीसाठी हे बांधलं, पण उघडलं ४ डिसेंबर १९२४ला. राजाला स्वागताला पुठ्ठ्याची कमान मिळाली होती. २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी इथून बोटीत बसली. तिन्ही खऱ्या दरवाजांचं नामोनिशाण नाही, आणि ज्याला कधी तटच नव्हता तो दरवाजा शाबूत आहे. आत शिरताना बॅगा तपासतात, रांगेला वीस मिनिटं धरा. परतीला रीगल सिनेमापर्यंत चालत या, तिथून सीएसएमटीची बस मिळते.