मातीतल्या जिवाणूंकडून नवं रसायन हवंय? मग या चुका टाळा

वावरातून मूठभर माती आणायची, प्लेटवर पसरवायची आणि तिसऱ्या दिवशी 'आमच्या मातीत काहीच नाही' म्हणून प्लेटा फेकायच्या. पोट्टेहो, तिसऱ्या दिवशी दिसतात ते बॅसिलस जिवाणूंचे पसरट, चिकट डाग. अ‍ॅक्टिनोमायसीट (प्रतिजैविकं बनवणारे धाग्यांसारखे जिवाणू) निवांत उगवतात. २८ अंशांवर साधारण सातव्या दिवसापासून खडूची भुकटी शिंपडल्यासारखे कोरडे ठिपके दिसतात; सुई लावली की आगरात (प्लेटमधल्या जेलीत) रुतलेली खपली निघते आणि पहिल्या पावसाचा वास येतो. २१ दिवस थांबा. आपल्याकडच्या मे महिन्यात प्लेटांचा पापड होतो, म्हणून २५ मिली आगर ओता, पिशवीत बांधून उलट्या ठेवा.

माती पऱ्हाटीच्या ताज्या फवारलेल्या ओळीतली नको. धुऱ्यावरच्या बाभळीखालची, १०-१५ सेंमी खोलीवरची घ्या. आठवडाभर सावलीत वाळवा. काळ्या मातीची ढेकळं नुसत्या पाण्यात सुटत नाहीत. १ ग्रॅम माती, ९ मिली सलाइन आणि काचेचे मणी घालून अर्धा तास हलवा. बुरशी रोखायला माध्यमात (जिवाणू वाढवायच्या अन्नात) मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड.

सगळ्यात महागात पडते ती 'कोऱ्या माध्यमा'ची चूक. एका संशोधक विद्यार्थ्याने वाढवणीतून द्रावकाने काढलेला अर्क चकतीवर घेऊन जंतूंच्या प्लेटवर ठेवला; भोवती स्वच्छ वर्तुळ आलं, म्हणजे तिथे जंतू वाढले नाहीत. तीन महिने लिटरमागून लिटर वाढवण झाली, पोस्टरही छापलं. मग कुणीतरी जिवाणू न घातलेलं माध्यम त्याच पद्धतीने काढून चकतीवर लावलं. वर्तुळ तेवढंच! इथाइल अ‍ॅसिटेट हे अर्क काढायचं द्रावक पूर्ण उडालेलं नव्हतं, शिवाय त्यातून ॲसेटिक आम्लही तयार झालेलं. पहिल्याच दिवशी कोरं माध्यम आणि नुसतं द्रावक, दोन्ही चकत्या लावायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्याचे तीन महिने जातात.

वर्तुळ खरं निघालं तरी नाचू नका. अर्क पिवळा-केशरी आणि ४४० नॅनोमीटरजवळ प्रकाशाचं शोषण असेल, तर आधी अ‍ॅक्टिनोमायसिनचा संशय घ्या. ते प्रतिजैविक १९४० पासून माहीत आहे. मोठी वाढवण करण्याआधी एलसी-एमएस (अर्कातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) करून घ्या.

एकाच माध्यमावर विसंबू नका, तीन-चार वापरा. पहिल्याच पिढीचा २० टक्के ग्लिसरॉलमधला साठा उणे ८० अंशांवर ठेवा. वारंवार उपसंवर्धनाने (एका प्लेटवरून दुसरीवर नेत राहिल्याने) रसायनाचं उत्पादन जातं.

आणि इथाइल अ‍ॅसिटेट काढल्यावर खालचा पाण्याचा थर सिंकमध्ये ओतू नका. १९४३ चं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक पाण्यात विरघळतं, ते त्याच थरात राहिलं असतं.