स्वस्त फ्लूगलहॉर्नला माउथपीस घेताना या चुका टाळा

लग्नसराई ओसरली की सोलापुरातल्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्तीला निघतात आणि त्याच सुमारास एक तक्रार पुन्हापुन्हा कानावर येते. फ्लूगलहॉर्न, म्हणजे ट्रम्पेटच्या कुळातलं पण मऊ आवाजाचं पितळी वाद्य, नवा आहे, मेरठच्या जली कोठी या बँडवाद्यांच्या बाजारातून मागवलेला किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळालेला. पॉलिश झकास आहे. पण वाजवला की आवाज पातळ येतो, मधले सूर कसेबसे जमतात आणि वर गेलं की सगळं घसरतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, स्वस्त घेतलंस, आता भोग. हॉर्न खुंटीला लागतो.

मला हे बघवत नाही. स्वस्त हॉर्नमध्ये उणिवा असतात हे खरं, पण त्यातले पुष्कळ हॉर्न वाजवण्याजोगे असतात. त्यांना माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा सुटा तुकडा, चुकीचा लागलेला असतो. आणि चूक बहुतेक वेळा ओठाकडच्या बाजूला नसते, ती नळीत जाणाऱ्या टोकाला असते. कप, म्हणजे ओठाकडची वाटी, किती खोल, रिम, म्हणजे वाटीची कड, किती रुंद यावर तासन्‌तास चर्चा होते, पण शँक, म्हणजे माउथपीसची आत बसणारी दांडी, कुणी मोजतच नाही.

ट्रम्पेटचा माउथपीस लावून वेळ मारून नेणं

दोन्ही वाद्यं बी फ्लॅटची, दोन्हींची बोटं सारखी, म्हणून माउथपीसही चालेल असं वाटतं. चालत नाही. दांडीचं माप वेगळं असल्यामुळे तो नीट बसत नाही, ही एक अडचण. दुसरी त्याहून मोठी आहे. ट्रम्पेटच्या नळीचा बराच भाग सारख्या व्यासाचा असतो, तर फ्लूगलहॉर्नची नळी बोटांनी दाबायच्या व्हॉल्व्हचा भाग सोडला तर जवळपास सगळीकडे रुंदावत जाते. त्या रुंदावत्या नळीला साजेल असा माउथपीस आतून नरसाळ्यासारखा खोल आणि निमुळता लागतो. ट्रम्पेटच्या कपाचा तळ गोलसर असतो आणि भोक लहान. बाख कंपनीच्या नेहमीच्या ट्रम्पेट माउथपीसचं भोक ३.६६ मिमी असतं, फ्लूगलच्या माउथपीसचं अनेकदा ४ मिमीच्या वर. तो ऊबदार, किंचित धूसर आवाज या खोलीतून येतो. ट्रम्पेटचा कप लावला की फ्लूगलहॉर्नमधून ट्रम्पेटचाच आवाज येतो, तोही कमजोर. अडॅप्टर विकणारे भेटतात, पण अडॅप्टर फक्त दांडीचं माप जुळवतो, कप बदलत नाही.

‘फ्लूगलहॉर्न माउथपीस’ एवढंच वाचून ऑर्डर देणं

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

फ्लूगलहॉर्नच्या दांड्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात: लार्ज मोर्स, स्मॉल मोर्स आणि फ्रेंच. दोन्ही मोर्स दांड्यांचा उतार सारखाच, साधारण १:२०. म्हणजे २० मिमी लांबीत व्यास १ मिमीने वाढतो. फरक आहे तो जाडीत. फ्रेंच दांडी मात्र जवळजवळ सरळ असते, तिला उतार नसल्यात जमा. फ्रान्सच्या कुएनाँ कंपनीचे जुने हॉर्न या फ्रेंच मापाचे म्हणून ओळखले जातात. स्वस्त हॉर्न बनवणारे कुठल्यातरी नामांकित मॉडेलची नक्कल करतात, आणि ज्याची नक्कल, त्याचं माप. कधी हॉर्न एका मापाचा आणि सोबत पेटीत दिलेला माउथपीस दुसऱ्या मापाचा, असंही घडतं. म्हणून ‘कंपनीनेच दिलाय, म्हणजे बरोबरच असणार’ हा विश्वास स्वस्त वाद्याच्या बाबतीत ठेवू नका.

१:२० या आकड्याचा अर्थ हातात माउथपीस धरून समजून घ्या. दांडी ०.१ मिमी बारीक असली तर माउथपीस २ मिमी जास्त आत जातो, ०.५ मिमी जाड असली तर १० मिमी बाहेर राहतो. डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसत नाही, पण बाहेर राहिलेला सेंटीमीटर लगेच दिसतो.

सूर किती बदलतो? नळी सेंटीमीटरभर लांबली की सूर साधारण १२ सेंट उतरतो, आणि एका अर्धस्वरात १०० सेंट असतात. एवढा फरक ट्यूनिंगने सावरता येतो. फ्लूगलहॉर्नला ट्रम्पेटसारखी मोठी ट्यूनिंग स्लाइड नसते, माउथपीसजवळची सरळ नळी, लीडपाइप, आत-बाहेर सरकवून बाजूच्या स्क्रूने आवळतात. ती थोडी आत ढकलली की काम झालं, असं वाटेल. पण दांडीचं टोक नळीत नेमकं कुठे संपतं यावर सूर अडकतो की निसटतो, खालचा आणि वरचा सप्तक एकमेकांशी जुळतो की नाही, हे ठरतं. ते बिघडलेलं ट्यूनिंगने सुधारत नाही. ट्यूनरवर मधला सूर बरोबर, वरचा खोटा, अशी तक्रार असली की मी आधी दांडीकडे बघतो.

तपासणी घरी होते. दांडीवर पेन्सिल किंवा मार्कर घासा, माउथपीस हलक्या हाताने बसवा, किंचित फिरवा आणि काढा. रंग सगळीकडे सारखा पुसला गेला असेल तर उतार जुळतो. एकाच ठिकाणी बांगडीसारखी रेघ उमटली तर दांडी तेवढ्याच जागी टेकते आहे, बाकी भाग मोकळा आहे. बसवल्यावर माउथपीस बोटाने हलवून बघा. सरळ दांडी उताराच्या नळीत गेली, किंवा उताराची दांडी सरळ नळीत, तर तो डुगडुगतो.

मग मोजमाप. व्हर्निअर कॅलिपर नसेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे. दांडीचा व्यास टोकाशी घ्या आणि टोकापासून २० मिमीवर घ्या. फरक १ मिमीच्या आसपास आला तर मोर्स, जवळपास शून्य आला तर फ्रेंच. नळीची आतली बाजू मोजायला ड्रिल बिटच्या गुळगुळीत मागच्या बाजू वापरा, धारेची बाजू नको. व्यासात ०.५ मिमी फरक असलेले दोन बिट एकामागून एक हलकेच आत सोडा. नळी मोर्स उताराची असेल तर ते साधारण १० मिमीच्या अंतराने अडतील. एक सरळ आत गेला आणि दुसरा तोंडाशीच अडला, तर नळी सरळ आहे. हे आकडे कागदावर लिहून विक्रेत्याला पाठवा आणि त्याच्याकडच्या माउथपीसच्या दांडीचे तेच दोन आकडे मागा. जो आकडे देत नाही, नुसतं ‘सगळ्यांना बसतो’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

कागद, टेप आणि लेथ

सैल माउथपीसला वहीचा कागद किंवा नळाचा टेफलॉन टेप गुंडाळणं ही आपल्याकडची जुनी सवय. साधा कागद ०.१ मिमी जाड धरला तर एका वेढ्याने व्यास ०.२ मिमी वाढतो आणि वरच्या हिशोबाने माउथपीस ४ मिमी बाहेर येतो. फार आत जाणारा माउथपीस किती बाहेर आल्यावर हॉर्न चांगला बोलतो, हे बघायला ही युक्ती उत्तम आहे. चाचणी म्हणून जरूर करा. पण कायमची नको. थुंकीने आणि वाफेने कागद भिजतो, दबतो, आणि तासाभराच्या वरातीत माउथपीस सुरुवातीला होता तिथे उरत नाही. डुगडुगणाऱ्या माउथपीसवर तर याचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे चुकलेला असतो उतार.

लेथचं उलट आहे. जाड दांडी टर्नरकडून १:२० च्या उताराने उतरवून घेता येते आणि चांगला टर्नर ते काम नीट करतो. दोन अटी पाळा. जुळणारा माउथपीस नमुना म्हणून सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. आणि हात लावायचा तो फक्त माउथपीसला. हॉर्नची नळी आतून मोठी करू देऊ नका. माउथपीस बिघडला तर दुसरा येईल, मोठी केलेली नळी परत लहान होत नाही. तासलेल्या दांडीवरचा चांदीचा मुलामा जातो, पण ती ओठाला लागत नाही, तेव्हा काळजी नको. रिमवरचा मुलामा गेला असेल तर मात्र तो माउथपीस वापरू नका, उघड्या पितळेने काहींच्या ओठांना त्रास होतो.

नंबरांवर भरवसा

अशोक चौकाकडचा एक तरुण ट्रम्पेटवर ७सी वाजवायचा. त्याने फ्लूगलसाठी नंबर बघून ७ च्या जवळचा माउथपीस मागवला आणि आला तो भलताच अरुंद. कंपनी वेगळी होती, एवढंच कारण. बाखच्या मापात नंबर वाढला की कप साधारणपणे अरुंद होतो: ७सी १६.२० मिमी, ३सी १६.३० मिमी, १सी १७.०० मिमी. यामाहात उलटं, नंबर वाढला की व्यास वाढतो. त्यांच्या ११एफ४ मध्ये ११ हा व्यासाचा आकडा, एफ म्हणजे फ्लूगल आणि ४ रिमच्या आकाराचा. त्यात प्रत्येक कंपनी व्यास मोजते ती जागाही सारखी नसते, म्हणून मिलिमीटरचे आकडेही दोन कंपन्यांमध्ये अंदाजापुरतेच ताडून बघावेत.

एकाच कार्यक्रमात ट्रम्पेट आणि फ्लूगल आलटूनपालटून वाजवणार असाल तर रिम ट्रम्पेटच्या रिमच्या जवळची घ्या, म्हणजे ओठांना दर वेळी नव्याने जागा शोधावी लागत नाही. खोली मात्र फ्लूगलचीच हवी. वरचे सूर सोपे जावेत म्हणून उथळ कप घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, तसं करू नका. लेझीमच्या गलबल्यात, डीजेसमोर उंच आणि कडक वाजवायचं असेल तर ट्रम्पेट उचला. फ्लूगल हळुवार चालींसाठी ठेवा. याच्या विरुद्ध टोकाची चूकही होते: नवशिका सर्वांत मोठा, सर्वांत खोल माउथपीस घेतो आणि अर्ध्या तासात थकतो. मधल्या मापापासून सुरुवात करा.

माउथपीसच्या माथी दुसऱ्याचा दोष

नवा माउथपीस घेण्याआधी हॉर्न गळतो का ते बघा. व्हॉल्व्ह न दाबता तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हची सरकती नळी, थोडी बाहेर ओढा, दोन क्षण थांबा, मग तिसरा व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉप’ असा आवाज आला तर ठीक. नाही आला तर हवा कुठूनतरी जाते आहे. तेल घालून परत करून बघा. पाणी काढायच्या चावीचं बूच आणि लीडपाइपचा स्क्रू हेही बघून घ्या. पहिला-तिसरा आणि तिन्ही व्हॉल्व्ह दाबून येणारे खालचे सूर चढे लागतात, ते सगळ्याच तीन व्हॉल्व्हच्या वाद्यांत लागतात. तिथे तिसरी स्लाइड बाहेर काढावी लागते. माउथपीस बदलून ते जाणार नाही.

उन्हाचाही विचार करा. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशांना ३५५ च्या घरात. हवा तापली की सूर चढतो. फुंकरीने नळीतली हवा आधीच कोमट झालेली असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक कमी असतो, तरी कानाला कळण्याइतका असतो. मे महिन्यात दुपारच्या वरातीत लीडपाइप बाहेर काढावी लागेल, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या थंड सकाळी आत. माउथपीस आधीच फार बाहेर राहत असेल तर थंडीत पाइप पूर्ण ढकलूनही सूर उतरलेलाच राहील. फार आत जाणाऱ्या माउथपीसने उन्हाळ्यात याच्या उलट होईल. म्हणून नव्या माउथपीसची परीक्षा थंड हॉर्नवर घेऊ नका. दहा मिनिटं वाजवा, मग ट्यूनर लावा, आणि पाइप दोन्हीकडे सरकायला जागा उरते का ते बघा.

माउथपीस अडकला तर पकड लावू नका, पिळल्याने पातळ लीडपाइपचा जोड सुटतो. तो ओढून काढायचं साधन, माउथपीस पुलर, बँडदुरुस्ती करणाऱ्याकडे मिळेल. आणि पडल्याने दांडीचं टोक चेपलं असेल तर चांगला माउथपीसही नीट बसत नाही. टोक समोरून बघा, भोक गोल दिसलं पाहिजे. चेपलेलं टोक त्यासाठीच्या निमुळत्या सळईने परत गोल करता येतं.

हॉर्न सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याकडून त्याचा जुना माउथपीस मागून घ्या, रिम खराब असली, मुलामा उडाला असला तरी. पेन्सिलीच्या चाचणीत तो नीट बसत असेल तर पुढचा माउथपीस मागवताना आणि टर्नरकडे जाताना त्याचीच दांडी नमुना म्हणून हातात असेल.