शोभेच्या मूर्तींचे संकल्पन: आधी साचा समजून घ्या

मी या कामात आलो तेव्हा माझ्याजवळ चित्रांनी भरलेल्या दोन वह्या होत्या आणि साच्याविषयी जवळजवळ काहीच माहिती नव्हती. संग्राहक ज्या छोट्या पोर्सिलेनच्या (भाजलेल्या चिनी मातीच्या) किंवा रेझिनच्या (कृत्रिम राळेच्या) मूर्ती मालिकेने जमवतात, त्यांची प्रत्येक प्रत एकाच मूळ नमुन्यावरून घेतलेल्या साच्यांतून निघते. त्यामुळे नवोदितांना माझे पहिले सांगणे असे की, कागदावर रेघ ओढतानाच ही आकृती साच्यातून सुटणार कशी, याचा विचार करावा.

माझी पहिली स्वतंत्र मूर्ती हात लांब करून तळव्यावर चिमणी घेतलेल्या मुलीची होती. मातीत ती मला फार आवडली होती. पण हात आणि कंबर यांच्यामधल्या पोकळीत साच्याचे प्लास्टर अडकणार, हे साचेकाराच्या एका नजरेत लक्षात आले. त्याने हात खांद्यापासून कापून त्याचा वेगळा साचा घेतला आणि ओतलेले दोन्ही भाग अर्धवट सुकलेले असताना पातळ मातीने जोडले. तरीही तो हात भट्टीत झुकला, कारण पोर्सिलेन भाजताना, सुमारे 1300 अंश सेल्सिअसला, मऊ पडते, शिवाय सुकण्यात आणि भाजण्यात मिळून साधारण 12 ते 15 टक्के आकसते. मुलीच्या चेहऱ्याकडे रोखलेली चिमणीची चोच भाजून आल्यावर तिच्या गुडघ्याकडे वळलेली होती. दुसऱ्या नमुन्यात मी तो हात छातीशी आणला आणि कोपराला झग्याच्या चुणीचा आधार दिला. मूर्ती टिकली, आणि माझ्या मते त्या जवळिकीमुळे अधिक बोलकीही झाली.

त्यानंतर मी जुन्या मूर्ती वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जर्मनीतील माइसेनच्या पोर्सिलेन कारखान्यात 1731 साली रुजू झालेले मूर्तिकार योहान योआखिम केंडलर यांच्या अनेक मूर्तींमध्ये पायांमागे झाडाचा बुंधा दिसतो. तो शोभा वाढवतो, आणि भाजताना सगळा भारही पेलतो. असे आधार शोधत संग्रहालयात एक दिवस घालवावा, मूर्ती चारही बाजूंनी पाहावी.

चित्र काढणारा आणि मूर्ती घडवणारा एकच असला पाहिजे असे नाही. मारिया इनोसेंशिया हुमेल या जर्मन ख्रिस्ती जोगिणीने काढलेल्या मुलांच्या चित्रांवरून गोबेल या जर्मन पोर्सिलेन कंपनीने 1935 मध्ये मूर्ती बाजारात आणल्या. त्यांचे नमुने आर्थर मोलर आणि राइनहोल्ड उंगर यांसारख्या मूर्तिकारांनी घडवले. तरीही चित्रकाराने काही महिने स्वतः माती हाताळावी असे मी आग्रहाने म्हणेन, कारण चित्रात न दिसणारी पाठ कोणीतरी घडवावीच लागते, आणि ती आपण आखून दिली नाही तर दुसरा आपल्या मनाने घडवतो. संगणकावर घडवून त्रिमितीय छपाईने नमुना काढणाऱ्यांनाही हे लागू आहे.

रंगकामाचा पहिला नमुना शक्य तर स्वतः रंगवावा. भुवईची रेघ केसभर वर गेली की हसरा चेहरा चकित दिसू लागतो, आणि पुढचे सगळे रंगारी तोच नमुना समोर ठेवतात.

कराराबाबत थोडक्यात: मर्यादित आवृत्ती असेल तर प्रती किती, शेवटच्या प्रतीनंतर साचे मोडणार का आणि तळाशी आपले नाव उमटणार का, हे मूळ नमुना हातचा सोडण्यापूर्वी लेखी घ्यावे.