वही, घड्याळ आणि दोन ‘ऑफिस’ : ब्रिटिश आणि अमेरिकन विनोदी मालिकांची तुलना कशी करावी

‘ब्रिटिश विनोद कोरडा, अमेरिकन विनोद भडक’ हे वाक्य एकही मालिका न पाहता म्हणता येतं, म्हणून ते आधी बाजूला ठेवा. दोन्हीकडच्या मालिकांत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा स्वभावाचा नाही, हिशोबाचा आहे. एका भागाला मिनिटं किती मिळाली, वर्षाला भाग किती लिहायचे होते, लिहायला किती जण बसले आणि हसणारे लोक स्टुडिओत होते की नव्हते, हे चार प्रश्न. चारही मोजता येतात. त्यासाठी शंभर पानी वही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि चार-पाच जण पुरतात.

आधी बसायची सोय. घरात चार-पाच जणांना ३२ इंची टीव्ही बास झाला, प्रोजेक्टरच्या मागे लागू नका. गावात चौकात पडदा लावून दाखवायचं असेल तर मालकाची परवानगी लागते, आणि मोबाइल ॲपचं सबस्क्रिप्शन सहसा घरगुती वापरापुरतंच असतं. शाळा-कॉलेजात फक्त विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुरतं दाखवायला मात्र कॉपीराइट कायद्यात सूट आहे. भाग आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. ऐन वेळी रेंज नसते, आणि लाईन गेली की राउटरही जातो.

विदर्भात या कामाचा खरा शत्रू कूलर आहे. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या घरघरीत अमेरिकन मालिकेचा हशा ऐकू येतो, पण ब्रिटिश मालिकेतलं पुटपुटणं बुडून जातं. मग सगळे म्हणतात, ‘अमेरिकन जास्त मजेदार आहे बुवा.’ हा निकाल कूलरने दिलेला असतो. उन्हाळ्यात रात्री नऊनंतर गच्चीवर बसा, स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हा उद्योग करूच नका. दिवसभर वेचणी करून आलेला माणूस विसाव्या मिनिटाला डुलक्या घेतो आणि त्याच्या रकान्यात विनोद कमी पडतात.

जोडी निवडताना एकच नियम आहे: शक्य तेवढं सारखं असलेलं शेजारी ठेवा. स्टुडिओत प्रेक्षकांसमोर झालेली मालिका एकीकडे आणि प्रेक्षकांविना चित्रित झालेली दुसरीकडे, अशी जोडी लावली तर तुम्ही देश मोजत नाही, कॅमेऱ्याची पद्धत मोजता. एकीचा पहिला सीझन आणि दुसरीचा पाचवा, हीसुद्धा तशीच चूक. शोधताना एक लक्षात ठेवा: ब्रिटनमध्ये ‘सीरिज २’ म्हणतात त्यालाच अमेरिकेत ‘सीझन २’ म्हणतात.

सुरुवातीला ‘द ऑफिस’हून सोपी जोडी नाही. ब्रिटिश मालिका बीबीसी टूवर २००१ साली आली. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनीच ती लिहिली आणि दिग्दर्शित केली. सहा-सहा भागांच्या दोन सीरिज आणि २००३ च्या नाताळात दोन भाग, एकूण १४ भागांत खेळ खलास. अमेरिकन मालिका एनबीसीवर २००५ ते २०१३ चालली: नऊ सीझन, २०१ भाग. ग्रेग डॅनियल्सने ती अमेरिकेसाठी बसवली आणि लिहायला लेखकांचा ताफा होता. दोन्हीकडे कागद विकणारी कंपनी आहे, एकीकडे स्लाउमध्ये, दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये. हशाची ध्वनिफीत दोन्हीकडे नाही.

दोन्हींचा पहिला भाग एकाच बैठकीत लावा, आधी ब्रिटिश. अमेरिकन पहिला भाग बराचसा ब्रिटिश संहितेवरच उभा आहे, म्हणून तो आधी पाहिला तर दुसऱ्याची सगळी गंमत शिळी होते. पहिल्या वेळी वही बंद ठेवा, नुसतं पाहा. जेली काय असते ते आधी सांगून टाका: साच्यातून काढलेला, थरथरणारा, पारदर्शक गोड पदार्थ. सहकाऱ्याचा स्टेपलर त्यात गोठवून ठेवलाय हे न कळता प्रसंग निघून गेला, तर मागे जाऊन समजावण्यात मजा नाही.

दुसऱ्या वेळी वही उघडा. रकाने पाच: मिनिट, कोण बोललं, विनोद कशाचा, किती जण हसले, शांतता किती सेकंद. ‘कशाचा’ या रकान्यात लांबलचक वर्णन नको. शब्दाचा, चेहऱ्याचा, अपमानाचा, गैरसमजाचा किंवा अवघडलेपणाचा, यापैकी एक लिहा. मतभेद होणारच. तेव्हा दोन्ही खुणा करा, पण भाग थांबवून वाद घालू नका.

बेरीज झाली की मिनिटांनी भागा, नुसत्या बेरजेवर जाऊ नका. जाहिराती असलेल्या अमेरिकन वाहिनीवर अर्ध्या तासात कार्यक्रम साधारण २२ मिनिटांचाच असतो. बीबीसी लायसन्स फीवर चालते, मध्ये जाहिराती नाहीत, म्हणून तिथे तोच अर्धा तास २८-३० मिनिटांचा भरतो. समजा, २२ मिनिटांत ४४ खुणा झाल्या आणि २९ मिनिटांत ४०. वरवर फरक चारचाच दिसतो, पण मिनिटाला हे २ आणि १.४ पडतात.

खरी गोष्ट शेवटच्या रकान्यात आहे. ब्रिटिश भागात बॉस डेव्हिड ब्रेंट काहीतरी बोलतो, कुणीच हसत नाही, आणि कॅमेरा तिथेच थांबतो. ती शांतता स्टॉपवॉचने मोजा. मग अमेरिकन भागात मायकेल स्कॉटची तशीच जागा मोजा. दोन्हीकडे रिसेप्शनवरच्या मुलीवर पोस्ट-इट (चिकटवायच्या चिठ्ठ्या) चोरल्याचा खोटा आळ घेऊन तिला कामावरून काढल्याचं नाटक करतात. हा प्रसंग तीनदा लावा: एकदा ऐकायला, एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहायला, एकदा सेकंद मोजायला.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि चुकतात. पहिल्या भागात दोन्ही बॉस सारखेच नकोसे आहेत, वाटा त्यानंतर फुटतात. अमेरिकन दुसऱ्या सीझनचा पहिला भाग लावा, नाव ‘द डंडीज’. हॉटेलात परके लोक मायकेलची टर उडवतात तेव्हा त्याला कंटाळलेले त्याचेच कर्मचारी त्याच्या बाजूने उभे राहतात. वहीत ते मिनिट लाल पेनने लिहा. मग ब्रिटिश दुसऱ्या सीरिजचा शेवटचा भाग पाहा. नोकरी चाललेला ब्रेंट गयावया करतो आणि त्याला वाचवायला कुणी पुढे येत नाही.

का, याचं उत्तर पुन्हा आकड्यात आहे. त्या काळी अमेरिकन वाहिनीवर वर्षाला २२-२४ भाग लागत, आणि मालिका शंभराच्या आसपास गेली की तिचं पुनःप्रक्षेपण स्थानिक वाहिन्यांना विकून मोठा पैसा येई. म्हणजे हा माणूस लोकांनी वर्षानुवर्षं घरात येऊ द्यायला हवा. नकोशा पाहुण्याला बारा दिवस सोसता येतं, दोनशे दिवस नाही. ब्रेंटला तसंच राहू देणं जर्वेस-मर्चंट यांना परवडलं, कारण त्यांना चौदाव्या भागानंतर दुकान बंद करायचं होतं.

हीच जोडी वापरून आणखी एक मोजणी करा. ब्रिटिश दुसऱ्या सीरिजच्या त्याच शेवटच्या भागात ऑफिसातला टिम अंगावरचा माइक काढून (मालिका खोट्या माहितीपटासारखी आहे) रिसेप्शनवरच्या डॉनला मनातलं सांगायला जातो. आपल्याला दोघं दिसतात, ऐकू काहीच येत नाही. अमेरिकन दुसऱ्या सीझनच्या शेवटी ऑफिसातला जिम रिसेप्शनवरच्या पॅमला तेच सांगतो, तिथे प्रत्येक शब्द ऐकू येतो. बैठकीतल्या प्रत्येकाने टिम काय बोलला असेल ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहावं. चिठ्ठ्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून अंदाज न ऐकवता आधी लिहून घ्या.

आता हशाची चाचणी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या मंडळींना ही पटकन समजेल. झाडीपट्टीच्या नाटकात मुरलेला विनोदी नट वाक्य टाकतो आणि हशा ओसरेपर्यंत पुढचं बोलत नाही. स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर झालेल्या मालिकेतही हेच होतं, देश कोणताही असो. अमेरिकन ‘फ्रेंड्स’चं एक मिनिट आवाज बंद करून पाहा. नट बोलून थांबतात, उगाच कप उचलतात, एकमेकांकडे बघतात. ती भोकं हशासाठी सोडलेली आहेत. मग ब्रिटिश ‘फॉल्टी टॉवर्स’चं एक मिनिट तसंच पाहा. तीही प्रेक्षकांसमोरच झाली, पण धावपळ इतकी की भोकं कमी वाटतात. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी १९७५ आणि १९७९ मिळून तिचे फक्त १२ भाग लिहिले. इतका घट्ट विणलेला गोंधळ वर्षाला चोवीस वेळा विणून होत नाही.

हशा काढून टाकला तर काय उरतं, हे पाहायला अमेरिकन ‘मॅश’ घ्या. कोरियन युद्धातल्या फिरत्या इस्पितळाची ही मालिका १९७२ ते १९८३ चालली. अमेरिकेत तिच्यावर ध्वनिमुद्रित हशा चढवलेला असे, शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत मात्र शक्यतो नसे. बीबीसीने ती हशाविनाच दाखवली. डीव्हीडीवर दोन्ही आवाजांची सोय आहे. एकच भाग दोन्ही पद्धतींनी पाहिला, की हशाविनाची तीच अमेरिकन मालिका लोकांना ‘ब्रिटिश वाटते’. डीव्हीडी मागवताना मात्र रीजन पाहा: अमेरिकेची १, ब्रिटनची २, भारताची ५. साधा प्लेअर परकी रीजन घेत नाही आणि पैसे पाण्यात जातात.

सबटायटलचा घोळ वेगळा. वाक्याचा शेवट नटाच्या तोंडून येण्याआधी पडद्यावर उमटतो आणि वाचणारे आधीच हसतात. म्हणून शब्दाच्या विनोदाची खूण दुसऱ्यांदा, सबटायटल बंद करून करा. उच्चार समजत नसेल तर सबटायटल असू द्या, पण एकाने मध्येच वऱ्हाडीत सांगत बसू नये. सांगायचं ते सुरुवातीला.

घरातल्या मोठ्यांना बसवायचं असेल तर ‘येस मिनिस्टर’ लावा. ती बीबीसीवर १९८० ते १९८४ चालली, पुढे ‘येस प्राइम मिनिस्टर’ झाली. मंत्री बदलतात, सचिव राहतो आणि फाइल कुठे आहे ते त्यालाच ठाऊक असतं. ‘नवा सरपंच आणि जुना ग्रामसेवक’ एवढं सांगितलं की वेगळी प्रस्तावना लागत नाही. सचिव सर हम्फ्रीची वाक्यं मात्र पडदाभर लांब असतात, तिथे भाग थांबवून वाचायला वेळ द्या. हिंदीत ‘जी मंत्रीजी’ २००१ साली स्टार प्लसवर आली होती. सापडली तर तिसरा रकाना मिळेल.

या विषयाची अमेरिकन जोड म्हणजे ‘वीप’ (म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष), एचबीओ, २०१२ ते २०१९. तिचा निर्माता आर्मांडो यानुची मूळचा स्कॉटलंडचा. त्याने आधी बीबीसीसाठी राजकारणावरचीच ‘द थिक ऑफ इट’ केली होती. एचबीओवर जाहिराती नाहीत, वर्षाला भागही सात ते दहाच, म्हणून ‘वीप’मध्ये बॉसला गोड करायची गरज पडत नाही. अमेरिकन म्हणजे गोड, असं वहीत लिहून ठेवलेल्यांना ती ओळ इथे खोडावी लागते. दोन्हींत शिव्या भरपूर आहेत, तेव्हा लहान मुलं आणि आजी झोपल्यावरच लावा.

उलट तपासणीसाठी ‘कपलिंग’चं नाव लिहून ठेवा. ब्रिटिश मालिका बीबीसीवर चार सीरिज चालली. एनबीसीने २००३ मध्ये तिचीच सुरुवातीची कथानकं उचलली आणि चार भागांनंतर गुंडाळली. ‘द ऑफिस’ची अमेरिकन गाडी पहिल्या भागानंतर मूळ संहिता सोडून दुसऱ्या सीझनमध्ये रुळावर आली, इथे तेवढा वेळच मिळाला नाही.

मध्येच लाईन गेली तर शेवटची खूण कोणत्या मिनिटाची आहे ते लिहून वही मिटा. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे नाही, तीन मिनिटं मागून सुरू करा. विनोदाची तयारी अर्धी राहिली असेल, तर हसायची जागा आली तरी कुणी हसत नाही.