रब्बी कांद्याच्या खताची तयारी: सोयाबीन निघाल्यापासून साठाव्या दिवसापर्यंत

सोयाबीन निघालं की पहिलं काम माती तपासणीचं, तेही शेणखत टाकायच्या आधी. एकरात ८-१० ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यायची. बांधाकडची आणि जुन्या उकिरड्याची जागा सोडा. अहवाल आला की आधी क्षारता बघा. शिरोळकडच्या क्षारपड रानात तर हाच आकडा महत्त्वाचा. ईसी (अहवालातला क्षारतेचा आकडा) १ च्या वर असेल तर त्या तुकड्यात कांद्याचा हट्ट धरू नका. पातीचे शेंडे करपतात आणि कांदा पोसत नाही, मग खत कितीही घाला.

शेणखत एकरी ८ टन, म्हणजे गुंठ्याला २०० किलो. लागणीच्या तीन आठवडे आधी पसरून कुळवाच्या पाळीत मिसळून घ्या. मूठभर हातात घेऊन बघा: गरम लागता कामा नये, काडी ओळखू येता कामा नये, वास मातीचा यायला हवा. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. शिवाय ते कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं, रोपं पिवळी पडतात आणि आपण घाबरून युरिया वाढवतो. उसाचं पाचट नुकतंच गाडलेल्या रानातही हेच होतं.

रासायनिक खताची शिफारस हेक्टरी १००:५०:५०, म्हणजे एकरी ४० किलो नत्र, २० स्फुरद, २० पालाश. शिवाय गंधक एकरी २० किलो धरा, कांद्याचा तिखटपणा त्याच्यावर आहे. खरेदीची यादी करताना इथंच चूक होते. डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) घेतलं की गंधक राहूनच जातं. त्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो (अडीच पोती) आणि सल्फेट ऑफ पोटॅश ४० किलो घ्या. दोन्हींतून मिळून गंधकाची गरज भागते, वेगळा खर्च नाही. पांढरं पोटॅश म्हणून सांगताना पोत्यावर ‘सल्फेट’ छापलंय का ते वाचून घ्या. युरिया ४५ किलोची दोन पोती.

लागणीच्या वेळी सुपर फॉस्फेट आणि पोटॅश सगळं, युरिया एकच पोतं, वाफ्यात मातीआड करून. युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री कालवून ठेवू नका, सकाळपर्यंत चिकचिक होते आणि मग ते सारखं पडत नाही.

दुसरं पोतं दोन हप्त्यांत: लागणीनंतर ३० व्या आणि ४५ व्या दिवशी, गुंठ्याला अर्ध्या किलोच्या थोडं वर, खुरपणी झाल्यावर, वाफसा असताना, आणि लगेच हलकं पाणी. दव असताना टाकलं तर दाणे पातीला चिकटून डाग पडतात. त्याआधी पात नीट बघा. जुनी पात शेंड्याकडून पिवळी होत असेल तर नत्र कमी. कोवळी मधली पातच फिकट असेल तर गंधक कमी, तिथं युरिया ओतून काही होत नाही.

६० दिवसांनंतर युरियाचं पोतं रानात नेऊच नका. कांदा पोसायला लागलेला असतो, त्याला परत पात फुटते, मान जाड राहते आणि जोडकांदे वाढतात. काढणीच्या वेळी मान चिमटीत धरा: मऊ, पोकळ लागली तर ती सुकून मिटेल, आत गर भरलेला लागला तर तो माल साठवणीच्या चाळीत घालू नका, आधी विका.