कारवानी कुत्री एकमेकांवर उठतात तेव्हा: या चुका टाळा

सांगोला, मंगळवेढा, जत या पट्ट्यात कुठल्याही वस्तीवर जा. लिंबाखाली एखादं तरी लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट पाठीला गेलेलं कुत्रं पाय ताणून पडलेलं दिसेल. आम्ही या शिकारी कुत्र्याला कारवानी म्हणतो, कानाला-शेपटीला केसांची झालर असली तर पश्मी. हद्द ओलांडून कर्नाटकात गेलं की त्याच घडणीचं कुत्रं मुधोळ म्हणून ओळखलं जातं. 2005 साली टपाल खात्यानं मुधोळचं तिकीट काढलं, पुढे 2016 मध्ये लष्करानं ही कुत्री प्रशिक्षणाला नेली, आणि शहरातल्या फार्महाउसवाल्यांकडून जोड्यांची मागणी सुरू झाली. जोडी नेतात, वर्षभर कौतुक चालतं, आणि दीड-दोन वर्षांनी फोन येतो : "अहो, ही दोघं एकमेकांच्या जिवावर उठलीत. काही कारण नसताना!"

कारण असतं. आपण चावा पाहिलेला असतो, त्याच्या आधीचं अर्धं मिनिट पाहिलेलं नसतं.

गुरगुरलं म्हणून मारू नका

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून पहिली सांगतो. माझ्याकडे बिजली नावाची मादी आणि तिची लेक चांदणी. चांदणी दोन वर्षांची झाली तसं दारातून आत येताना बिजली तिच्यावर बारीक गुरगुरायला लागली. घरात असला आवाज नको म्हणून मी दर वेळी बिजलीला दटावलं, दोनदा चपलेनं हाणलंही. महिन्याभरात गुरगुर थांबली. मला वाटलं, जिरली. आणखी दोन महिन्यांनी त्याच उंबऱ्यावर, तोंडातून हूं की चूं न काढता, बिजलीनं लेकीचा कान फाडला.

गुरगुर हा इशारा होता. मी इशारा बंद केला, राग तसाच राहिला. त्यात ही जात मुळातच कमी बोलणारी. गावठी कुत्रं आधी गल्ली डोक्यावर घेतं, कारवानी शांतपणे ताठ होतं. म्हणून पाहायचं ते अंगाकडे : हालचाल एकदम थिजते, उघडं तोंड मिटतं, शेपटी काठीसारखी ताठ होते, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसू लागतं, किंवा एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा राहतो. लोक या शेवटच्याला प्रेम समजून फोटो काढतात! अशा वेळी ओरडायचं नाही. हाक मारायची, भाकरीचा डबा वाजवायचा, दोघांपैकी एकाला सहज बाजूला न्यायचं. नजर तुटली की निम्मं काम झालं.

एकाच परातीत खायला घालू नका

एका ताटात जेवली की माया वाढते, हा समज माणसांच्या पंगतीतून आलेला आहे. रानात ही कुत्री शेजारी-शेजारी पळतात आणि सहसा भांडत नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष पुढे असतं. भांडण होतं ते धाव संपल्यावर. उकिरड्यावर घूस सापडली, दोघांनी दोन बाजूंनी धरली, की संपलं. सशा-बिशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं कधीच बंद झाली आहे, पण वाटणीचा प्रश्न घुशीवरूनही येतोच.

घरात हीच वाटणी भाकरीची, ताकाच्या भांड्याची, उन्हाळ्यातल्या सावलीची, उंबऱ्याची आणि तुमच्या खाटेशेजारच्या जागेची. खाणं वेगवेगळ्या जागी घाला, मध्ये भिंत किंवा दार असू द्या, आणि खाऊन झालं की रिकामी भांडी उचला. हाडूक द्यायचंच असेल तर कोंडून द्या. दारातून दोघांना एकदम सोडू नका, एकाला बोलावा, मग दुसऱ्याला. आमच्या घरात एवढ्यानंच निम्म्या कुरबुरी मिटल्या.

एकाच वेताची दोन, त्यातही दोन माद्या

पिल्लू एकटं पडू नये म्हणून लोक एकाच वेतातले दोन भाऊ किंवा दोन बहिणी नेतात. लहानपणी छान जमतं. दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रं खऱ्या अर्थानं वयात येतं आणि तेव्हा जुनी खेळीमेळी मोडते. दोन नरांची भांडणं आवाजी असतात, दोन माद्यांची खुनशी. माझ्या अनुभवात कायमची फाटते ती माद्यांचीच. दोन ठेवायची तर एक नर, एक मादी घ्या आणि वयात दोन-तीन वर्षांचं अंतर ठेवा.

मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि माज तीन आठवडे चालतो. तेवढे दिवस घरात दोन नर असतील तर ते एकमेकांना दिसताही कामा नयेत. नर खच्ची केला की सगळं थांबेल असं सांगणारे बरेच भेटतात. मादीवरून होणारी चढाओढ त्यानं कमी होते, पण उंबऱ्यावर लागलेली सवय किंवा भीतीतून आलेला चावा शस्त्रक्रियेनं जात नाही. भित्र्या कुत्र्यात तर उलटही होऊ शकतं.

आणखी एक. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. भावंडांच्या कुस्तीतच ते शिकतं की किती जोरानं धरलं की समोरचं केकाटतं.

"नाईक कोण ते ठरू द्या"

कळपात एक नाईक असतो, दोघांना एकदा भिडू द्या, आपोआप ठरेल, असा सल्ला चावडीवर फुकट मिळतो. याची शहरी आवृत्ती म्हणजे कुत्र्याला उताणं पाडून छातीवर दाबून धरणं. 1947 मध्ये शेंकेल या प्राणी-अभ्यासकानं कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं, तिथून ही कल्पना पसरली. ती कल्पना लोकांपर्यंत नेणाऱ्या, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे रानातले लांडगे पाहून 1999 मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. गादीसाठी मारामाऱ्या तिथे चालत नाहीत. कुत्र्यांना भिडू दिलं की एक जखमी होतं आणि दोघंही शिकतात की हे दिसलं की आधी आपण चावायचं. मुद्दाम झुंज लावत असाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम 11 खाली तो गुन्हाही आहे.

मध्ये हात घालू नका

माझ्या उजव्या अंगठ्याला अजून पूर्ण बाक येत नाही. मी बिजलीचा पट्टा धरला आणि तिनं वळून जे तोंडात आलं ते धरलं. ते मला चावणं नव्हतंच. भांडणातल्या कुत्र्याला धरणारा हात कुणाचा आहे हे कळत नाही.

काठीनं मारू नका, मारलं की पकड घट्ट होते. मिरची पूड टाकू नका. आरडाओरडीनं तर दोघांनाही आणखी चेव येतो. बादलीभर पाणी तोंडावर मारा. जाड गोधडी किंवा ओलं पोतं दोघांच्या डोक्यांवर टाका. मध्ये फळी, खाट, पत्रा, काहीही सरकवा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरायचे आणि हातगाडीसारखं मागे सरकत राहायचं, थांबायचं नाही, कारण थांबलात की ते वळतं. पकड सुटलेली नसताना मात्र ओढू नका. यांची कातडी कागदासारखी पातळ, ओढलं की टराटरा फाटते.

सुटली की दोघांना वेगळ्या खोल्यांत कोंडा. "आता सॉरी म्हणा" करत त्याच दिवशी समोरासमोर आणू नका. अंग तापलेलं उतरायला दिवस-दोन दिवस लागतात.

माणसाला दात लागला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, घरचं कुत्रं असलं तरी.

कुत्र्याच्या जखमेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे हयगय फार होते. सुळ्याचं भोक बाहेरून डाळीएवढं दिसतं, आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पू धरतो. हळद, चुना, जळकं ऑइल यांपैकी काही भरू नका. मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन पशुवैद्याकडे न्या. टाके घालायला भूल द्यायची असेल तर हे शिकारी जातीचं, अंगात चरबी नसलेलं कुत्रं आहे हे आवर्जून सांगा. थायोपेंटोनसारख्या भुलीतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात. मोकाट कुत्र्याशी झुंजलं असेल तर रेबीजची लस आधी दिलेली असली तरी पुन्हा विचारा.

पट्टा, साखळी, मुसकं

यांची मान डोक्यापेक्षा जाड. साधा पट्टा मागे खेचला की डोक्यावरून निसटतो. खेचल्यावर थोडा आवळणारा, रुंद पट्टा घ्या. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं समोरून जाणाऱ्यावर नुसतं झेपावत राहतं आणि तेच त्याच्या अंगवळणी पडतं. मुसकं घालायचं तर जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापता येईल. आपल्या उन्हात कापडी मुसक्यानं कुत्रं मरू शकतं.

हे भांडण नव्हेच

शेजारचं छोटं पॉमेरेनियन पळालं आणि तुमच्या कारवान्यानं ते धरून झटकलं, तर तो राग नव्हता, शिकार होती. ना गुरगुर, ना ताठ शेपटी. याला "ओळख करून देणं" हा उपाय नाही. मोकळ्या जागी दोरी हातात ठेवणं एवढाच उपाय आहे. तसंच सात-आठ वर्षांचं शांत कुत्रं अचानक जोडीदारावर उठू लागलं तर आधी दुखणं शोधा : कान, दात, कंबर, गोचीड ताप.

पुन्हा जमवायचं तर

दोन माणसं, दोन दोऱ्या, तिऱ्हाईत जागा. वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालवा, समोरासमोर नाही. दुसऱ्याकडे पाहून शांत राहिलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. अंतर रोज थोडं कमी करा. ताठरलं की पुन्हा वाढवा. दोरी ताणून धरू नका, ताण कुत्र्याला लगेच कळतो. याला आठवडे लागतात, कधी महिने.

कधी जमतच नाही. बिजली आणि चांदणी रानाच्या वाटेवर दहा पावलांवरून बिनतक्रार चालायच्या, पण घरात एकत्र आल्या की पुन्हा तेच. शेवटी मी गोठ्याला मधोमध जाळीचं फाटक लावलं आणि वर पत्रे ठोकले. सकाळी आई मोकळी, संध्याकाळी लेक. पाहुणे विचारतात, चार वर्षं झाली, अजून फाटक कशाला? मी त्यांना आधी कडी लावून घ्यायला सांगतो.