नीट पुन्हा देताय? या चुका टाळा

बारावीनंतर बी.एस्सी.ला नाव घालून सोबत नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे जीवशास्त्राला येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात, आणि चुका त्याच करतात.

सगळ्यात वाईट चूक अभ्यासातली नाहीच. "कागदपत्रं निकालानंतर बघू" असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ओबीसीतून जागा हवी असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता लागते, म्हणजे जात पडताळणी समितीने पुरावे तपासून दिलेलं प्रमाणपत्र. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आजोबांचा. माझ्या एका विद्यार्थिनीला शासकीय महाविद्यालय मिळेल इतके गुण होते. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव, आणि वडिलांच्या दाखल्यावर वेगळंच. समितीने त्रुटी काढली. वडील आधी गावच्या शाळेत, मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी जन्मनोंद शोधत फिरले. वैधता हातात आली तोवर प्रवेशाची फेरी संपली होती. पोरीचा विचार खुल्या गटात झाला आणि जागा गेली. कधीकधी मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. मी आता जूनमध्येच, पुस्तकं उघडण्याआधी, आजोबांचा दाखला आणायला सांगतो. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे प्रगत गटात मोडत नसल्याच्या, दाखल्यावरची तारीखही बघा, या वर्षीच्या ३१ मार्चला संपणारा दाखला त्यानंतरच्या प्रवेशाला चालत नाही.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला बी.एस्सी.च्या कॉलेजात जमा असतो. तो परत मिळायला किती दिवस लागतात हे प्रवेश घेतानाच विचारा.

दुसरी चूक, टेस्टवर टेस्ट देत सुटणं. पेपर दिला, गुण बघितले, दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर. मग तीच चूक दहाव्या पेपरातही होते. मी प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायला लावतो: वाचलंच नव्हतं, विसरलो, घाई केली, गोल चुकीचा भरला. पेपरला तीन तास लागले असतील तर तपासायलाही तेवढेच द्या. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं आणि अर्धी दोन आठवड्यांत सोडून देतात. गुण वाढतात ते उरलेल्यांचे.

तीस दिवसांत जीवशास्त्र संपवणाऱ्या नोट्स विकत घेऊ नका. १८० पैकी ९० प्रश्न या एका विषयाचे आहेत. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाची ओळ न् ओळ वाचा, आकृत्यांखालचा मजकूरसुद्धा.

भौतिकशास्त्र ऑप्शनला टाकू नका.

बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं बुडवू नका. नीट हुकली तर ते वर्षही हातचं जाईल.

पेपर दुपारी २ वाजता सुरू होतो. रात्रभर जागून दुपारी झोपणाऱ्यांनी निदान मार्चपासून त्या वेळेला पेपर सोडवायला बसावं, तेही पंख्याखाली, एसीत नाही.